ऊर्जेचं हस्तांतर, इलेक्ट्रॉनचं स्थलांतर

तासगावच्या एका रसायनशास्त्राच्या शिक्षिकेनं विचारलं आहे: धातू-सेंद्रिय चौकटींवर मराठीत टिपण लिहायचं आहे, तर ‘एनर्जी ट्रान्सफर’ आणि ‘इलेक्ट्रॉन ट्रान्सफर’ या दोन्हींना ‘स्थानांतरण’ चालेल का?

मॅडम, माझ्या मते चालवू नये. धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून बनवलेल्या या सच्छिद्र स्फटिकांसाठी २०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल कितागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं. आता मराठीत या चौकटींवर बरंच लिहिलं जाईल, तेव्हा शब्द आधीच नीट वेगळे केलेले बरे.

सातबाऱ्यावर जमिनीचं हस्तांतर होतं तेव्हा जमीन तसूभर हलत नाही, धनी बदलतो. कोयना धरणापायी आपल्या पाटण-जावळीतल्या गावांचं झालं ते स्थलांतर. तिथं माणसंच उठून गेली. नेमका हाच भेद इथं हवा. प्रकाश शोषून उत्तेजित झालेला रेणू ती उत्तेजना शेजाऱ्याला देऊन मूळ स्थितीत येतो, कुणाचाही विद्युतभार बदलत नाही. हे ऊर्जा-हस्तांतर. इलेक्ट्रॉनच निघून गेला, तर देणाऱ्यावर एक धनभार वाढतो आणि घेणाऱ्यावर एक ऋणभार. हे इलेक्ट्रॉन-स्थलांतर.

प्रयोगात दोन्ही वेळा देणाऱ्याची चमक मंदावते, म्हणून तेवढ्यावरून निवाडा होत नाही. घेणारा चमकू लागला तर ऊर्जा गेली असं समजायचं. वर्णपटात नव्या भारित रेणूंच्या खुणा दिसल्या तर इलेक्ट्रॉन.

खरी अडचण ऊर्जा देण्याच्या एका रीतीची, डेक्स्टर यंत्रणेची. तिच्यात उत्तेजित इलेक्ट्रॉन पलीकडे जातो आणि त्याच वेळी पलीकडचा एक अलीकडे येतो. इलेक्ट्रॉन हलले, पण भाराची बेरीज-वजाबाकी शून्य. तिला मी ‘अदलाबदलीतून ऊर्जा-हस्तांतर’ म्हणेन. त्यासाठी दोन्ही रेणूंच्या कक्षका (इलेक्ट्रॉन जिथं वावरतात ते भाग) एकमेकींवर याव्या लागतात, त्यामुळे अंतर साधारण १ नॅनोमीटरच्या आतबाहेर हवं. इलेक्ट्रॉनची अदलाबदल न करता दुरूनच ऊर्जा देणारी दुसरी रीत, फोर्स्टर यंत्रणा, १ ते १० नॅनोमीटरपर्यंत पोचते, मात्र अंतर दुप्पट झालं की हस्तांतराचा वेग चौसष्टावा हिस्सा उरतो. स्फटिकातली अंतरं ठरलेली आणि क्ष-किरणांनी मोजलेली असतात, म्हणून हे गणित पडताळायला या चौकटी फार सोयीच्या.

चौकटीतल्या एकसारख्या अनेक जोडरेणूंवरून (धातूंना जोडणाऱ्या सेंद्रिय रेणूंवरून) ऊर्जा पुढं पुढं जाते, त्याला इंग्रजीत ‘मायग्रेशन’ म्हणतात. तिथं ‘स्थलांतर’ लिहायचा मोह होईल, तो टाळा. ‘ऊर्जा हातोहात पुढं सरकते’ एवढं पुरेसं आहे.