जर्मनीत आश्रय मागितला की सरकार सगळं देतं, हे खरं का?

तुमचा प्रश्न दुहेरी आहे: घर, पैसा, नोकरी सरकार देतं का, आणि देत असेल तर इतके अर्ज फेटाळले का जातात.

पैशाचं आधी उरकतो. २०२५ मध्ये आश्रय मागणाऱ्या एकट्या प्रौढासाठी भत्त्याचा दर होता महिना ४४१ युरो, सामायिक निवासात ३९७. बेरोजगारांच्या सरकारी भत्त्याचा दर तेव्हा ५६३ होता. सुरुवातीच्या केंद्रात जेवण आणि कपडे मिळतात, म्हणून तेवढी रक्कम वळती होते. उरलेली बऱ्याच ठिकाणी 'बेत्सालकार्ट' या कार्डावर येते. त्यातून रोख सहसा महिन्याला ५० युरोच निघते. राहायचं कुठे हेही तुम्ही ठरवत नाही. कोणत्या राज्याने किती माणसं घ्यायची याचं सूत्र आहे, दोन तृतीयांश भार करउत्पन्नाला आणि एक तृतीयांश लोकसंख्येला. मामा बर्लिनला असला म्हणून तुम्हाला बर्लिन मिळत नाही. २०२५ मध्ये पहिले तीन महिने कामाला बंदी होती, केंद्रात राहत असाल तर सहसा सहा.

अर्जाचा निकाल मात्र ठरतो 'आनहोरुंग'मध्ये, म्हणजे बामफ या स्थलांतर-निर्वासित कार्यालयातल्या मुलाखतीत. गरिबी किंवा बेकारी कितीही खरी असली तरी निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जिनिव्हा करारात ती कारण म्हणून बसत नाही. तिथे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांपैकी कशावरून तरी छळाची भीती दाखवावी लागते. युद्धातल्या धोक्यासाठी वेगळं, दुय्यम संरक्षण आहे.

आता खरं कारण असूनही लोक कुठे घसरतात ते. प्रवासाचे प्रश्न आधी येतात, त्यावर माणूस तासभर बोलतो, आणि देश का सोडला हे दोन वाक्यांत गुंडाळतो. उलट हवं: कोणी धमकी दिली, केव्हा, कुठे, पोलिसांकडे गेलात का, देशातच दुसऱ्या गावी का राहू शकला नाहीत. अफगाण माणसाची तारीख सौर हिजरी पंचांगातली असते. ती इसवी सनात बदलताना चुकली की पुढे 'विसंगती' म्हणून तीच अंगाशी येते. दुभाष्याची बोली कळत नसेल तर तिथल्या तिथे सांगा आणि ते नोंदवून घ्यायला लावा. शेवटी सगळं टिपण तुमच्या भाषेत परत वाचून दाखवतात. दमलेली माणसं 'राहू द्या' म्हणून सही करतात. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी चूक हीच, कारण पुढे न्यायालय तोच कागद समोर ठेवतं.

निकाल पिवळ्या पाकिटात येतो. पाकिटावर पोस्टमनने तारीख लिहिलेली असते आणि अपिलाची मुदत तिथून मोजतात. ती साधारणपणे दोन आठवडे असते. 'उघडच निराधार' ठरवलं असेल तर एकच. पाकीट फेकू नका. युरोपीय संघाचे नवे आश्रय-नियम १२ जून २०२६ पासूनचे आहेत, तेव्हा ऐकीव मुदतीवर विसंबू नका. निकालपत्रात शेवटी अपिलाची सूचना असते, ती वाचून घ्या. पत्ता बदलला तर कार्यालयाला स्वतः लेखी कळवा. जुन्या पत्त्यावर गेलेलं पाकीटही कायद्याने पोचलेलंच धरतात.

निर्वासित दर्जा मिळाला, तर पती-पत्नी आणि मुलांना आणायचा अर्ज तीन महिन्यांच्या आत नोंदवा. त्यानंतर उत्पन्न आणि घराच्या जागेचा पुरावा मागू शकतात.