सोळा दिवसांत पुन्हा जीमॅट द्यावी का?

प्रश्न : व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी नुकतीच जीमॅट दिली. चार महिने अभ्यास केला, दोन हजारांहून अधिक प्रश्न सोडवले आणि सराव परीक्षांत ६१५ च्या आसपास गुण मिळत होते. प्रत्यक्षात मात्र ५५५ मिळाले. गणिताच्या विभागातले शेवटचे पाच प्रश्न वेळेअभावी अंदाजाने उरकावे लागले. सोळा दिवसांनी पुन्हा बसता येते, म्हणून लगेच नाव नोंदवू, की नवी पुस्तके घेऊन सारा अभ्यास पहिल्यापासून करू? शिवाय हे कमी गुण संस्थांच्या नजरेस येतील का?

उत्तर : शेवटची शंका आधी दूर करू. नोव्हेंबर २०२३ पासून आलेल्या नव्या स्वरूपात आपले गुण पाहिल्यानंतरच ते कोणाला पाठवायचे हे उमेदवार ठरवतो, त्यामुळे आपण न पाठवलेले ५५५ कोणापुढे जाणार नाहीत. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. जुन्या उमेदवारांच्या तोंडी असलेला ७०० चा आकडा जुन्या मापाचा आहे. नवे माप २०५ ते ८०५ असे असून त्यात ६४५ गुण साधारणपणे जुन्या ७०० च्या तोडीचे मानले जातात.

आपण सुचवलेले दोन्ही मार्ग मला पटत नाहीत. सोळा दिवस ही नियमाने घातलेली किमान मुदत आहे, आणि तेवढ्यात सवयी बदलत नाहीत. पुस्तके बदलूनही फारसे साधणार नाही, कारण दोन हजार प्रश्न सोडवणाऱ्याला प्रश्नांचा तुटवडा नसतो. सोडवलेल्यांपैकी किती चुकलेले प्रश्न आठवड्याभराने पुन्हा कोऱ्या कागदावर सोडवून पाहिले, हे आपल्या पत्रात कुठेच आलेले नाही. गुणपत्रकात प्रश्नप्रकारांनुसार कामगिरी आणि वेळेचा वापर यांचा तपशील दिलेला असतो. तो वाचून सुरुवात करावी, आणि एकूण गुणांत गणित, भाषा आणि माहिती-विश्लेषण या तिन्ही विभागांचे वजन सारखेच असल्यामुळे गणितातल्या त्या पाच प्रश्नांवरच सारे खापर फोडू नये.

चुकांची वही ठेवत असाल, तर तिच्यात ‘निष्काळजीपणा’ हा शब्द लिहायचा नाही, एवढे पथ्य पाळावे. या शब्दाखाली सगळ्या चुका सुखाने झोपून राहतात. समजा, उत्तर काढायला दिलेल्या दोन विधानांपैकी कोणते पुरेसे आहे हे ठरवायचा एक प्रश्न असा आहे : क्ष ही संख्या ३ पेक्षा मोठी आहे का? पहिले विधान सांगते की क्ष चा वर्ग ९ पेक्षा मोठा आहे, आणि दुसरे सांगते की क्ष धन आहे. घाईत आपण ‘पहिले विधान एकटे पुरेसे’ असे उत्तर देता. वहीत लिहायचे ते असे : ‘उणे ४ चा वर्गही ९ पेक्षा मोठा असतो हे सुचले नाही, वर्ग दिसला की ऋण संख्या घालून पाहायची.’ अशा पन्नास नोंदी झाल्या की त्यांतल्या बहुतेक पाच-सहा खोडींच्याच पोटातल्या आहेत असे बहुधा दिसून येईल, आणि पुढचा अभ्यास त्या खोडींचाच करायचा आहे.

वेळेचे गणित त्याहून सोपे, पण पाळायला कठीण. गणितात ४५ मिनिटांत २१ प्रश्न असतात, म्हणजे सात प्रश्न झाले की घड्याळात तीस मिनिटे आणि चौदा झाले की पंधरा मिनिटे उरलेली दिसली पाहिजेत. एखादा प्रश्न अडीच मिनिटांनंतरही उलगडत नसेल, तर अंदाजाने उत्तर देऊन, खूण करून पुढे जावे. विभागाच्या शेवटी वेळ उरल्यास तीन उत्तरांपर्यंत बदलण्याची मुभा असते. प्रश्न सोडून देण्याचा सराव मुद्दाम करावा लागतो, कारण हुशार विद्यार्थ्याला हार मानणे जड जाते आणि मधल्या एका प्रश्नावर घालवलेली पाच मिनिटे शेवटच्या दोन सोप्या प्रश्नांतून वसूल होतात. विभाग अपुरा राहू देणे तर अधिकच महागात पडते, म्हणून तुम्ही अंदाजाने का होईना, ते पाच प्रश्न भरले हे योग्यच केले.

सराव परीक्षांतल्या ६१५ बद्दल थोडी शंका घ्यावीशी वाटते. त्या एका बैठकीत दिल्या होत्या की विभाग वेगवेगळ्या दिवशी? मध्येच उठून पाणी प्यायला जाणे झाले का, एकच सराव परीक्षा दुसऱ्यांदा दिली का? ओळखीचे प्रश्न पुन्हा आले की गुण फुगतात. यापुढची प्रत्येक सराव परीक्षा पूर्ण सव्वादोन तासांची असावी, खऱ्या परीक्षेच्याच वेळी द्यावी, मध्ये दहा मिनिटांची एकच विश्रांती घ्यावी आणि गणकयंत्र फक्त माहिती-विश्लेषणाच्या विभागातच वापरावे, कारण गणितात ते मिळत नाही.

या कामाला सहा ते आठ आठवडे लागतील असे धरून चालावे. बारा महिन्यांत पाच वेळा परीक्षा देता येते, तेव्हा घाई करण्याचे कारण प्रवेशअर्जाच्या मुदतीखेरीज दुसरे नाही. कधीही न पाहिलेल्या दोन सलग सराव परीक्षांत आपल्याला हवे तेवढे गुण मिळाले, की त्याच आठवड्यात तारीख घ्यावी.