गाणारा नाही, मग बघायचं कोणाकडे?

प्रश्न : काका, नमस्कार. मैत्रिणीने स्वतःबरोबर माझंही तिकीट काढून ठेवलंय. बँड पोस्ट-रॉक वाजवतो. शब्द नाहीत, गायक नाही, एकेक रचना दहा-पंधरा मिनिटांची. तयारी म्हणून घरी ऐकायला बसले, तर मधेच उठून दुसऱ्याच कामाला लागले. दीड-दोन तास उभं राहून हे ऐकायचं कसं? आणि गाणाराच नसेल तर बघायचं कोणाकडे?
— एक धास्तावलेली वाचक

उत्तर : पायांकडे.

थट्टा करत नाहीये. या मंडळींची अर्धी करामत जमिनीवर चालते. गिटारवादकासमोर एक फळी असते आणि तिच्यावर ओळीने पेडल्स, म्हणजे पायाने दाबून गिटारचा आवाज बदलायच्या डब्या, मांडलेली असतात. त्यातलं डिले नावाचं पेडल प्रतिध्वनी देतं. एक सूर छेडला की तोच ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा, विरत विरत ऐकू येतो. लय मिनिटाला १२० मात्रांची असेल तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची झाली. पुष्कळ वादक प्रतिध्वनी पाऊण मात्रेवर, म्हणजे ३७५ मिलिसेकंदांवर लावतात. मग हाताने वाजवलेले सूर आणि परत येणारे सूर एकमेकांच्या फटींत बसतात, आणि एका गिटारच्या दोन झाल्यासारखं वाटतं. मात्र पेडल कोणाचं ऐकून घेत नाही, त्याचं अंतर एकदा ठरलं की ठरलं. ड्रमर जरा पुढे पळाला की सगळी वीण उसवते. म्हणून रचना सुरू होताना काही वादक बुटाच्या टोकाने पेडलवर तीन-चार ठोके देतात आणि लय आत भरवतात. ते ठोके तुझ्या नजरेने टिपले, तर पुढची दहा मिनिटं कोण कोणाला धरून चाललंय हे आपोआप दिसायला लागेल.

मग हातांकडे ये. उजव्या हाताची करंगळी गिटारवरच्या आवाजाच्या बटणाला लागलेली दिसेल. आवाज बंद ठेवून आधी तार छेडायची आणि मग करंगळीने आवाज उघडायचा. छेडल्याचा ‘टण्’ गळून जातो आणि गिटार व्हायोलिनसारखी कुठूनशी उगवते. पुढे तोच हात एका तारेवर पिक, म्हणजे तार छेडायची छोटी चकती, इतका भराभर वरखाली चालवतो की सुटे सूर ऐकू येईनासे होतात, नुसता झोत उरतो. ड्रमरवरही लक्ष ठेव. सुरुवातीला त्याच्या हातात बहुधा मऊ गोंड्याच्या काठ्या असतात, कारण सिंबल, म्हणजे ड्रमजवळची मोठी झांज, वाजवायचं नसतं, फुलवायचं असतं. त्या बाजूला ठेवून त्याने साध्या लाकडी काठ्या उचलल्या, की समज, सगळे मिळून जोरात वाजवतात तो भर आता येतोय.

पोस्ट-रॉक हे नाव सायमन रेनॉल्ड्स या ब्रिटिश समीक्षकाने १९९४ मध्ये रूढ केलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की वाद्यं रॉकचीच, पण काम रॉकचं नाही. गिटार इथे ठसकेबाज तुकडे वाजवायला नसते, तिच्याकडून नादाचा रंग आणि पोत काढून घ्यायचा असतो. त्यामुळे रंगमंचाची मांडणीही बदलते. मध्यभागी झोतात उभा राहून लोकांना ‘कसे आहात सगळे?’ विचारणारा कोणी नसतो. जपानच्या मोनो या बँडचे दोन्ही गिटारवादक स्टुलावर बसून वाजवतात, आणि तेही खाली मान घालून. माँट्रियलचा गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर तर जवळजवळ अंधारातच वाजवतो. मागे पडद्यावर १६ मिलिमीटर फिल्मचे तुकडे फिरत असतात. सुरुवातीच्या घुमाऱ्यात फिल्मवर ओरखडून लिहिलेला ‘होप’ हा शब्द पडद्यावर थरथरत राहतो. लोकांशी बोलणं वगैरे काही नाही. मला हे फार सुखाचं वाटतं. तुला कदाचित उद्धटपणा वाटेल, वाटू दे.

राहिला तुझा कंटाळा. तो तुझ्या स्वभावातून कमी आणि आवाजाच्या पातळीतून जास्त आला असावा. हळू आवाजात ऐकताना आपल्या कानाला खालचे सूर, म्हणजे बास, प्रमाणाबाहेर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. गाणं असेल तर शब्द आणि चाल त्यातूनही तरून जातात. इथे इमारतीचा पायाच खालच्या सुरांचा, आणि नेमका तोच घरी गायब. प्रत्यक्ष कार्यक्रमात तो परत येतो आणि कानाबरोबर छातीलाही लागतो. तेव्हा घरच्या अनुभवावरून निकाल देऊ नकोस.

प्रश्न : अशाच एका बँडला नुकतंच ऐकलं. अगदी हळू भाग चालू असताना मागचा घोळका मोठमोठ्याने गप्पा मारत होता. मी वळून विनंती केली तर उत्तर मिळालं, “अहो, तुम्हाला ऐकू तर येतंय ना?” मी उगाच किरकिर केली का?
— एक वाचक

उत्तर : मुळीच नाही. माझी निम्मी हयात मिक्सरमागे, म्हणजे कार्यक्रमात वाद्यांचे आवाज जुळवायच्या यंत्रामागे, गेली आहे, त्यामुळे या गप्पा मारणाऱ्यांबद्दल माझं मत निःपक्षपाती नाही. पण त्यांना द्यायला माझ्याकडे एक हिशेब आहे.

डेसिबल हे आवाज मोजायचं माप. आवाज १० डेसिबलने वाढला की कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. समजा, बँडचा हळू भाग ६० डेसिबलवर आहे आणि भर १०० वर. चाळीसचं अंतर, म्हणजे चार वेळा दुप्पट, म्हणजे कानाला सोळापट. आता गप्पा मारणारी गर्दी सहज ७०-७५ डेसिबलपर्यंत जाते. हळू भाग त्याखाली बुडतो. मिक्सरवर बसलेल्या माणसाला तो ८० पर्यंत उचलावा लागतो. वरची मर्यादा तर हलत नाही, कारण यंत्रणेला आणि कानांना तेवढंच झेपतं. मग उरलं वीसचं अंतर, कानाला फक्त चारपट. तुमच्या मागच्या घोळक्याने हळू भाग तर खाल्लाच, पण पुढे येणारा भरही, तो येण्याआधीच, चतुर्थांशावर आणून ठेवला. वर शेवटी टाळ्याही त्यांनीच जोरात वाजवल्या असतील!

बँडला आणि मिक्सरवाल्याला जपायचं असतं ते हे अंतर. या संगीतात मिक्सरवाल्याचं खरं काम म्हणजे स्वतःचा हात आवरणं. चढ बँड स्वतः वाजवून घडवतो. आधी एक गिटार, मग दुसरी त्याच सुरात एक सप्तक वर, मग बास, मग ड्रमची फक्त कड. नवशिक्याला हळू भागात धीर निघत नाही. मागे पोचत नाही म्हणून तो फेडर, म्हणजे आवाज वाढवायची सरकती कळ, बोटभर वर सरकवतो. दोन मिनिटांनी अजून थोडा. बँड चढायला लागला की त्याच्या समोरचे दिवे लाल होतात आणि तो घाबरून सगळं खाली ओढतो. वादक जीव तोडून वाजवतायत आणि लोकांपर्यंत आवाज तेवढाच पोचतोय! मुरलेला माणूस सुरुवातीलाच वर मोकळी जागा राखून ठेवतो, आणि हळू भागात पहिली पाच मिनिटं लोकांना थोडं पुढे वाकून ऐकायला लावतो. त्या पाच मिनिटांत हॉल गप्प झाला तर कार्यक्रम जिंकला.

भडका उडवायला एक पेडल पुरतं. तो आठ मिनिटं लांबवायचा आणि तोवर समोरच्याला बांधून ठेवायचं, याला बळ लागतं. म्हणून कळसाची वाट बघत उभं राहणाऱ्यांपेक्षा कळस विसरून ऐकणाऱ्यांच्या पदरात जास्त पडतं, असं माझं मत. काही बँडवाले यावर माझ्याशी भांडलेले आहेत.

प्रश्न : माझी चौदा वर्षांची मुलगी अशा एका कार्यक्रमाला जायचं म्हणते, तिच्याबरोबर मी जाणार. आवाज प्रचंड असतो असं ऐकलंय. कानांचं काय? आणि उभं कुठे राहायचं?
— एक आई

उत्तर : इअरप्लग घ्या, दोघींसाठी, आणि कार्यक्रम सुरू होण्याआधीच घाला. हळू भागात ‘आत्ता कुठे गरज आहे’ म्हणून खिशात ठेवले की भर आल्यावर घालायला वेळ मिळत नाही. कामाच्या ठिकाणच्या आवाजासाठी वापरला जाणारा एक नियम असा : ८५ डेसिबल आठ तास चालतो, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधरा मिनिटं मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांच्या जागांसाठी जे मानक ठरवलं, त्यातही कमाल मर्यादा पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबल हीच आहे. फोमचे स्वस्त प्लग कान वाचवतात, पण वरचे सूर जास्त कापतात, त्यामुळे सगळं रजईआडून ऐकल्यासारखं होतं. वादकांसाठी मिळणारे फिल्टरवाले प्लग सगळे सूर साधारण सारखेच कमी करतात. जमल्यास तेच घ्या. नंतर कानात शीळ वाजत राहिली आणि दोन दिवसांत गेली नाही, तर कानाच्या डॉक्टरांना दाखवा.

उभं राहायला उत्तम जागा मिक्सरच्या आसपास. तिथे बसलेला माणूस स्वतःच्या कानाला बरं लागेल असंच सगळं जुळवत असतो. अगदी पुढे गेलात तर पेडल्स छान दिसतील, पण समोरच्या एकाच गिटारचा आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प कानावर येईल. भिंतीला टेकू नका, कोपरा तर नकोच, कारण तिथे बास साचतो. ५० हर्ट्झच्या, म्हणजे बासच्या खोल सुराच्या, लाटेची लांबी जवळजवळ सात मीटर असते, म्हणून चार पावलं सरकलं तरी बासमध्ये फरक पडतो. घुमतंय वाटलं तर बँडला नावं ठेवण्याआधी जागा बदलून बघा.

प्रश्न : तीन छोटे प्रश्न. रचनांच्या नावांवरून अर्थ लावायचा का? फोनवर रेकॉर्ड केलं तर चालेल? टाळ्या कधी वाजवायच्या?
— एक विद्यार्थी

उत्तर : नावांच्या नादी लागू नकोस. ग्लासगोच्या मोग्वाय या बँडच्या रचनांची कितीतरी नावं ही निव्वळ आपसातली थट्टा आहे, आणि त्याने त्यांचं काही अडलेलं नाही. २०२१ मध्ये त्यांचा अल्बम ब्रिटनच्या अल्बमच्या यादीत पहिला आला.

रेकॉर्डिंगचा उपयोग नाही. बहुतेक फोन आवाज आपोआप समान पातळीवर आणतात, म्हणजे हळू ते वर उचलतात आणि मोठं ते दाबतात. वर ज्या अंतराचा हिशेब मांडलाय, फोन नेमकं तेच पुसतो. एखादा फोटो काढ आणि फोन खिशात टाक.

टाळ्यांची घाई करू नकोस. मधेच सगळं थांबल्यासारखं होतं, ती पुष्कळदा फसवणूक असते. वादकांचे हात तारांवर आहेत तोवर रचना चालू आहे. शेवट ओळखायची एक हमखास खूण म्हणजे गिटार अ‍ॅम्पला टेकवून वादक निघून जातात आणि मागे फीडबॅक, म्हणजे आवाज गिटारमध्ये परत शिरून उठणारी शीळ, किंचाळत राहतो, कोणीतरी येऊन अ‍ॅम्प बंद करेपर्यंत. तेव्हा मात्र टाळ्या लवकर वाजवल्यास तरी चालेल, कोणाला ऐकू जाणार नाहीत.