एच. पायलोरी या जठरातल्या जंतूवर क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालेल की नाही, हे कल्चरशिवाय (जंतू वाढवून न बघता) एका दिवसात कळतं का?

कळतं. तुमच्याकडे रिअल-टाइम पीसीआरचं (डीएनएच्या प्रती वाढवून त्या लगेच मोजणारं) मशीन आहे आणि कल्चरची सोय नाही असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे गरजेचं ते हाताशी आहे. कल्चरला ५ टक्के ऑक्सिजन आणि १० टक्के कार्बन डायऑक्साइडची हवा लागते. पहिली वाढ दिसायलाच ३ ते ७ दिवस जातात, कधी १०, आणि ई-टेस्ट (औषधाच्या पट्टीजवळ जंतू वाढतो का बघणं) त्यानंतर. त्यात जंतू वाटेतच मेला तर सगळं फुकट.

पीसीआरला मेलेला जंतूही चालतो. क्लॅरिथ्रोमायसिन जंतूच्या २३एस आरआरएनएला (प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमच्या एका भागाला) चिकटतं. तिथला २१४२ किंवा २१४३ क्रमांकाचा अ‍ॅडेनीन बदलला की चिकटत नाही. ए२१४३जी, ए२१४२जी आणि ए२१४२सी (ए म्हणजे अ‍ॅडेनीन, त्याजागी जी म्हणजे ग्वानीन किंवा सी म्हणजे सायटोसीन) हे तीन बदल तपासले की बहुतेक प्रतिकार पकडीत येतो.

अँट्रम (जठराचा खालचा भाग) आणि कॉर्पस (मधला मोठा भाग), दोन्हीकडून एंडोस्कोपीत बायोप्सीचा एकेक तुकडा ०.५ मिली निर्जंतुक सलाइनमध्ये घ्या. एकच घेतला तर दुसरीकडचा रेझिस्टंट जंतू सुटू शकतो. फॉर्मालिनमध्ये मात्र टाकू नका, डीएनएचे तुकडे पडतात. रॅपिड युरिएज टेस्टच्या (जंतू आहे का हे रंगावरून सांगणाऱ्या) जेलमधून काढलेला तुकडाही चालतो, रुग्णाची पुन्हा एंडोस्कोपी नको. प्रोटिनेज के (प्रथिनं फोडणारं एन्झाइम) घालून ५६ अंशांवर तो पूर्ण विरघळू द्या. घाई केली तर डीएनए वेगळा करायचा कॉलम तुंबतो आणि डीएनए कमी मिळतो. एक्स्ट्रॅक्शन, पीसीआर आणि शेवटचा मेल्टिंग कर्व्ह (तापमान वाढवत डीएनएच्या जोड्या कधी सुटतात याचा आलेख) धरून चार-पाच तासांत रिपोर्ट हातात.

प्रोब (जंतूच्या डीएनएला चिकटणारा खुणेचा छोटा तुकडा) मूळ क्रमाशी तंतोतंत जुळणारा असेल, तर बदललेल्या जंतूवरून तो कमी तापमानाला सुटतो आणि आलेखातलं शिखर डावीकडे सरकतं. ए२१४२जी आणि ए२१४३जी यांची शिखरं जवळजवळ असतात. ती वेगळी करण्यात वेळ घालवू नका, डॉक्टरांचा निर्णय दोन्हींत एकच. मूळ आणि सरकलेलं अशी दोन शिखरं आली तर पोटात मूळ आणि बदललेले असे दोन्ही प्रकारचे जंतू आहेत. रिपोर्टमध्ये रेझिस्टंटच लिहा.

शौचाच्या नमुन्यावरही टेस्ट होते, पण पित्तक्षार आणि पॉलिसॅकराइड पीसीआर अडवतात. इंटर्नल कंट्रोल (पीसीआर नीट चालली का हे दाखवणारा डीएनए) उमटला नसेल तर तो रिझल्ट निगेटिव्ह समजू नका; डीएनए दहापट पातळ करून पुन्हा लावा.

लेव्होफ्लॉक्सॅसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकसाठी जायआरए जनुकातली ८७ आणि ९१ ही स्थानं बघता येतात. मेट्रोनिडाझोल या तिसऱ्या औषधाचं मात्र पीसीआरवर जमत नाही: आरडीएक्सए जनुकात बदल कुठेही होतो आणि प्रत्येक बदलाने प्रतिकार येतोच असं नाही. आपल्याकडे हा प्रतिकार खूप आहे, त्यामुळे ही उणीव जाणवते.

रिपोर्टसोबत रुग्णाने आधी अ‍ॅझिथ्रोमायसिन घेतलं होतं का, हेही विचारून ठेवा. सर्दी-तापाला ते सर्रास दिलं जातं आणि त्याच गटातलं असल्याने क्लॅरिथ्रोमायसिनचाही प्रतिकार तयार करतं. उपचार संपल्यावर लगेच ही टेस्ट लावली तर मेलेल्या जंतूंचा डीएनए पॉझिटिव्ह दाखवेल, किमान ४ आठवडे थांबा.