आभाळ भरून येतं आणि विरतं

एप्रिल-मेमध्ये समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्यांच्या काळज्या साधारण ठरलेल्या असतात. निकालाची धास्ती, लग्नाच्या बोलणीतले ताण, सुट्टीला घरी आलेल्या मुलांशी उडणारे खटके. त्यातच एखादी व्यक्ती बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच विचारते, "वळीव आला नाही की मला फार उदास वाटतं. घरचे हसतात. हे काही बिघडल्याचं लक्षण आहे का?" विचारताना ती माझ्याकडे बघत नाही. त्या न बघण्यावरूनच कळतं की हा प्रश्न तिने बरेच दिवस पोटात ठेवला होता.

अशाच एका गृहस्थांची गोष्ट सांगते. त्यांच्या परवानगीने सांगते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय छत्तीस, घर पुण्यात वारज्याला, नोकरी हिंजवडीला. बायको त्यांना घेऊन आली होती. ती म्हणाली, "मे लागला की हा घरात असून नसतो." दापोलीजवळच्या तिच्या माहेरी आंब्यांसाठी जायचा बेत त्यांनी दोन वर्षं ऐनवेळी मोडला होता, कारण नेमक्या त्याच शनिवार-रविवारी पुण्यात वादळ होईल असं अंदाजात दिसत होतं. दोन्ही वेळा वादळ झालं नाही. दुपारी दोनपासून अंधार पडेपर्यंत हातात फोन. रडारचं चित्र, उपग्रहाचं चित्र, वाऱ्याचे नकाशे, पुन्हा रडार. आदल्या आठवड्यात कात्रजला धो धो कोसळला आणि वारज्यात रस्ताही ओला झाला नाही. सात वर्षांच्या मुलीने गॅलरीत येऊन "बाबा, आला का पाऊस?" एवढंच विचारलं, तर ते तिच्यावर खेकसले. ती न जेवता झोपली.

ते खाली मान घालून ऐकत होते. मग म्हणाले, "मॅडम, त्या दिवशी सासवडला गारा पडल्या. आमच्याकडे गारवासुद्धा नाही." हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला होता.

पुढच्या तीन भेटी मी चुकीच्या दिशेने गेले. आमच्या शिक्षणाने एक सवय लावलेली असते, की वर दिसतं ते दुःख आणि आत असतं ते वेगळं. मी लहानपणाबद्दल विचारलं, वडिलांबद्दल विचारलं, नोकरीत मन लागतं का, संसारात काही सलतं का, सगळं विचारलं. त्यांनी प्रामाणिकपणे उत्तरं दिली. लहानपण चांगलं गेलं होतं, वडील ठणठणीत होते, नोकरी बरी होती, बायकोवर जीव होता. तिसऱ्या भेटीच्या शेवटी ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही वादळाच्या मागे काहीतरी शोधताय. मला वादळच हवंय हो."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. कुणी आजारी माणसासाठी झुरत असेल तर आपण 'खरं दुःख कशाचं आहे' असं विचारत नाही. आकाशावर जीव असू शकतो, हेच मी धरून चालले नव्हते. चौथ्या भेटीत मी वही बाजूला ठेवली आणि म्हटलं, "मला वादळ सांगा."

ते चाळीस मिनिटं बोलले. सकाळी हवेत दमटपणा किती आहे, तिथपासून त्यांचा दिवस सुरू होतो. जमीन तापली की खालची हवा हलकी होऊन वर उठू लागते. समुद्राकडून, कधी बंगालच्या उपसागराकडून, कधी अरबी समुद्राकडून, ओलावा आलेला असेल तर अकरा-बाराच्या सुमाराला पांढरे पुंजके दिसू लागतात. पण वरच्या थरात उबदार, कोरडी हवा झाकणासारखी बसलेली असते. झाकण पक्कं असलं की पुंजके तिथेच अडतात, चपटे होतात आणि संध्याकाळी विरून जातात. ते झाकण कुठेतरी फुटलं, तर मात्र तासाभरात फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा ढग 12-15 किलोमीटर उंच चढतो आणि वर जाऊन ऐरणीसारखा पसरतो. "तुम्हाला पावसाआधी एकदम गार झोत येतो ना अंगावर? तो ढगातून खाली कोसळलेल्या थंड हवेचा असतो. धूळ उडते, पत्रे वाजतात, गुलमोहराचा सडा पडतो. मॅडम, तो झोत आला की मला वाटतं, आता आपण जगाच्या मध्यावर उभे आहोत."

बोलताना त्यांचा चेहरा निराळाच दिसत होता. हा माणूस आजारी नाही, एवढं मला त्या दिवशी पक्कं कळलं.

आणि तरी त्रास खरा होता. त्यांना माहितीची कमतरता नव्हती, शक्याशक्यता तर त्यांनी मलाच समजावून दिली. हवामान खातं 'तुरळक ठिकाणी' म्हणतं, तेव्हा त्या भागातल्या फार तर 25 टक्के केंद्रांवर पाऊस अपेक्षित असतो. एका ढगाचा जीव अर्ध्या-पाऊण तासाचा आणि पसारा काही किलोमीटरचा. म्हणून कात्रज भिजतं आणि वारजे कोरडं राहतं. हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. पण रोज सकाळी ते ढगाकडे असे बघायचे, जसं उसने दिलेले पैसे परत यायचे आहेत. संध्याकाळी आभाळ मोकळं झालं की त्यांना वाटायचं, आपल्याला फसवलं.

ही 'देणं लागण्याची' भावना कुठून आली, ते त्यांच्याच वह्यांमधून उलगडलं. कॉलेजपासून त्यांच्याकडे पावसाच्या नोंदी होत्या. गच्चीत पर्जन्यमापक, रोज सकाळी साडेआठला मोजणी, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवसही साडेआठलाच संपतो. मी त्यांना म्हटलं, एप्रिल-मेमधली मनासारखी वादळं वर्षवार मोजून आणा. पुढच्या भेटीत ते जरा गप्पच होते. बहुतेक वर्षी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकीच निघाली होती. काही वर्षी एखादंच. आणि त्यांच्या मनात 'पुण्याचा मे' म्हणून जो ठाण मांडून बसला होता, तो त्यांच्या विशीतला एकच मे होता. पुण्यात येणारा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरमधला, उन्हाळ्याच्या वाट्याला त्यातला लहानसा हिस्सा. त्या लहानशा हिश्शातूनही ते सगळ्यात भरघोस वर्षाचा हिशेब दरवर्षी मागत होते.

फोनबद्दल मी स्पष्ट बोलले. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग आम्हा सगळ्यांना शिकवले जातात. दाणा दरवेळी मिळत असेल आणि मग बंद झाला, तर पक्षी लवकर चोच मारणं थांबवतो. कधी मिळतो, कधी नाही, अशी सवय लागलेली असेल तर मात्र तो कितीतरी जास्त वेळ चोच मारत राहतो. रडारचं पान असंच असतं. दर काही मिनिटांनी नवं चित्र, आणि त्यात कधीतरी लाल-पिवळा ठिपका. मी त्यांना पान बंद करा म्हटलं नाही. ते केवळ अर्धा दिवस टिकलं असतं. "दिवसातून किती वेळा पुरेल?" असं विचारलं. त्यांनी दीड, चार आणि सहा अशा तीन वेळा स्वतःच ठरवल्या. मधल्या वेळात आकाशाकडे बघायला मुभा होती, फक्त डोळ्यांनी. पहिले चार दिवस वाईट गेले. पाचव्या दिवशी त्यांनी वहीत लिहिलं: 'पाऊस नाही. साडेपाचला वेताळ टेकडीवरून पूर्वेला दिवे घाटाच्या अंगाला एकच ढग, वरून सोनेरी. वीस मिनिटांत विरला. मुलगी सोबत होती.' कोरड्या दिवसाची नोंद म्हणून त्यांच्या वहीत आतापर्यंत फक्त शून्य असायचं.

टेकडीचा विषय निघाला तेव्हा मला दुसरीच काळजी वाटली. वादळ जवळ आलं की हे उघड्या टेकडीवर उभे राहून व्हिडिओ काढायचे. इथे मी समुपदेशक म्हणून थांबले नाही, सरळ मोठ्या बहिणीसारखी रागावले. गडगडाट ऐकू आला म्हणजे वीज पोहोचेल इतकं वादळ जवळ आहे, असंच धरायचं. तेवढ्यात खाली उतरून पक्क्या इमारतीत जायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप त्यांच्या फोनवर होतंच. आजूबाजूला कुठे वीज पडते आहे ते त्यात दिसतं. ते पाहून ते विजेच्या दिशेने निघायचे. पुढे ते पाहून घरी परतायला लागले. या एका बाबतीत मी तडजोड केली नाही आणि कुणाशीच करत नाही.

सगळ्यात अवघड गाठ मात्र शेवटी सुटली. त्यांचे मामा जुन्नरकडे कांदा लावतात. एप्रिल-मेमध्ये काढलेला कांदा शेतात पडलेला असतो. एका वर्षी गारपिटीत तो सगळा नासला. मामांचा फोन आला तेव्हा हे गच्चीत त्याच ढगाच्या दूरच्या विजा बघत हरखून गेले होते. "ते रडत होते मॅडम, आणि मी टाळ्या वाजवत होतो." त्यानंतर वादळ आलं नाही की दुःख, आणि आलं की अपराधीपणा. दोन्हीकडून कोंडी. बायकोलाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

मी त्यांना एक साधी गोष्ट विचारली. "तुम्ही बोलावलं म्हणून ढग आला का?" ते नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर डोळ्यांत पाणी आलं. डोक्याला पटलेली गोष्ट मनापर्यंत पोहोचायला कधीकधी तीनदा विचारावी लागते. मग मी म्हटलं, "तुम्हाला जे दिसतं ते मामांना कधी सांगता का?" त्या उन्हाळ्यापासून ढग बांधायला लागला की ते जुन्नरला फोन करू लागले. कधी अंदाज चुकतो. पण मामा म्हणतात, "चुकू दे रे, ताडपत्री टाकायला काय पैसे पडतात?" पुढच्या मेमध्ये हे दोन दिवस मामांकडे जाऊन राहिले, कांदा चाळीत भरायला.

ज्यांनी मला हा प्रश्न विचारला आणि जे विचारू शकले नाहीत, त्यांना मला सांगायचं आहे की हे उदास वाटणं खरं आहे. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने 1989 मध्ये 'समाज ज्याला दुःख मानत नाही असं दुःख' या कल्पनेची मांडणी केली. ती मुख्यतः मृत्यू आणि वियोगाबद्दल होती, पण लहान प्रमाणावर इथेही तेच घडतं. क्रिकेटचा सामना हरला म्हणून अख्खी सोसायटी गप्प होते आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. वळीव हुकल्याचं दुःख मात्र एकट्याने, लपवून करायचं असतं. त्या लपवण्यानेच ते आंबतं आणि मग सात वर्षांच्या पोरीवर निघतं. म्हणून घरच्यांना माझी विनंती आहे, "एवढं काय त्यात?" हे वाक्य तेवढं टाळा. "आज नाही आला ना," एवढं म्हणून चहाचा कप हातात द्या.

उदासी ऋतूबरोबर उतरत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच गोडी वाटत नसेल, झोप-जेवण बिघडलं असेल, जगणं नको वाटत असेल, तर तो प्रश्न पावसाचा राहिलेला नसतो. तेव्हा डॉक्टरांना भेटा, किंवा 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. तिथे मराठीतही बोलता येतं.

त्या गृहस्थांचा मला शेवटचा फोन आला तो 26 मे 2025 ला. त्या वर्षी मान्सून केरळात 24 मे रोजी आला आणि दोनच दिवसांत पुण्यात पोहोचला, एरवीपेक्षा जवळपास पंधरा दिवस आधी. शहर खुशीत होतं. मला वाटलं हेही खूश असतील. ते म्हणाले, "मॅडम, सगळे अभिनंदन करतायत. पण माझे विजांचे पंधरा दिवस गेले. आता ही रिपरिप. पुन्हा गडगडाट ऐकायचा तर परतीच्या पावसापर्यंत थांबायचं."

"वाईट वाटलं असेल," मी म्हटलं.

"वाटलं. सकाळी बायकोला सांगितलं तसं. ती म्हणाली, जाऊ दे, ऑक्टोबर आहे अजून." मागून हॉर्नचे आवाज येत होते. "ठेवतो मॅडम. शिमला ऑफिसच्या चौकात अडकलोय. तुळशीबागेत जायचंय, मुलीला रेनकोट घ्यायचाय. मागच्या वर्षीचा तिला आखूड झाला."