डिसेंबरातले चार दिवस, नाशिक आणि कॅमेरा

डिसेंबरात चार दिवस नाशिकला येऊन शहर, पक्षी, डोंगर आणि समुद्र सगळं टिपायचंय, जवळ १८-५५ आणि ७०-३०० मिलिमीटरची लेन्स आहे, असं तुम्ही लिहिलंय. आधी समुद्राचं उरकून टाकतो. नाशिक जिल्ह्याला किनारा नाही. त्यातल्या त्यात जवळ म्हणजे डहाणू-बोर्डी, त्र्यंबक-जव्हार करत; दिवस जाण्या-येण्यातच जातो. शिवाय बोर्डीला ओहोटीत पाणी फार आत जातं, भरतीची वेळ न बघता गेलात तर फोटोत नुसता चिखल. मी तोच काढून आणला होता. समुद्र सोडा आणि तो दिवस नांदूर मध्यमेश्वरला द्या. तिथे दोन सकाळी जा, एक पुरत नाही.

निफाड तालुक्यात गोदावरी-कादवेच्या पाण्यावर बंधारा आहे, त्यामुळे झालेलं हे पाणथळ. २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ, ठरलं. पहिल्या सकाळी माणूस दिसेल त्या पक्ष्यावर बटण दाबत सुटतो आणि घरी येऊन बघतो तर नुसते ठिपके. रोहित पक्षी लांब असतात, ३०० ला पुरत नाहीत, त्यांच्या मागे लागू नका. काठच्या पाणवनस्पतीत जांभळ्या पाणकोंबड्या बघा. ही बाई देठ उपटते, लांब बोटांच्या मुठीत धरते आणि लाल चोचीने सोलत बसते, अगदी ओसरीवर शेंगा सोलणाऱ्या आजीसारखी. वारकरी पक्ष्यांचे थवेही तिथेच असतात. वरून दलदली हारिण हा शिकारी पक्षी खाली आला की सगळे एकदम पाण्यावर पळत सुटतात. शटर आधीच १/१६०० सेकंदावर ठेवलेलं असेल तरच तो क्षण मिळतो. हारिण दिसल्यावर सेटिंग करायला गेलात की संपलं. चमचा या पक्ष्यासारख्या पांढऱ्या पक्ष्यांना एक्स्पोजर थोडं खाली आणा, नाहीतर फोटोत पिसं जळतात, म्हणजे नुसती पांढरीफटक दिसतात.

शहरात गोदाघाट पहाटे. उजाडायच्या आत पोचा, १८-५५ बास. नारोशंकराचं देऊळ आणि वसईच्या विजयाची ती घंटा, पुराची पातळी ज्याच्यावरून सांगतात तो दुतोंड्या मारुती, दोन्ही कोवळ्या उन्हात. रामकुंडावर मात्र कॅमेरा खाली. तिथे लोक दशक्रियेला आलेले असतात. एकदा पिंडाला कावळा शिवायची वाट बघणाऱ्या एका म्हाताऱ्यांचा फोटो मी लांबून काढला. फोटो छान होता. त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मी तो तिथेच उडवला. असा फोटो हवाच असेल तर निदान विचारा.

पांडवलेणी दुपारी ठेवा. लेण्यांची तोंडं उत्तरेच्या बाजूला आहेत, त्यामुळे थंडीत थेट ऊन फारसं येत नाही आणि तीन नंबरच्या लेण्यातलं कोरीव काम मऊ उजेडात दिसतं. ट्रायपॉड नेऊ नका, परवानगी लागते.

डोंगरांचं म्हणाल तर हरिहर किल्ला रविवारी नकोच, पायऱ्यांवर रांग लागते आणि फोटोत माणसांच्या पाठी येतात. त्यापेक्षा सप्तशृंगी गडावर मुक्काम करा, पहाटे समोरचा मार्कंड्या डोंगर पकडा. हवा स्वच्छ असेल तर सातमाळा डोंगररांग एकामागे एक उलगडत जाते. साल्हेर किल्ला (१५६७ मीटर) सुंदरच, पण बागलाणात आहे, चार दिवसांत कोंबू नका.

ट्रायपॉडऐवजी जाड कापडाची एक पिशवी आणा, रिकामी. निफाडला किराणा दुकानातून दोन किलो तांदूळ घेऊन भरा आणि पक्षी मनोऱ्याच्या कठड्यावर तिच्यावर लेन्स टेकवा. परत जाताना तांदूळ घरी न्या.