सूचीतलं लोणार नकाशात का सापडत नाही?

ताई, प्रश्न वाचला. लेक सहावीत आहे, ॲटलासच्या सूचीत ‘लोणार ३१ सी ४’ असं दिलंय, पुढे १९° ५८′ उ., ७६° ३०′ पू. असंही आहे, आणि दोन्ही वापरून तिचं बोट भलतीकडेच पडतं. मी बरीच वर्षं भूगोल शिकवलाय आणि ही चूक दरवर्षी वर्गात पाहिलीय. तिला समजत नाही असं मुळीच समजू नका. एकाच पानावर दोन पद्धती एकमेकींवर छापलेल्या असतात, आणि दोन्हींत मोजायचं काय ते वेगळं असतं. एवढं एकदा सांगितलं की बहुतेक मुलं सुटतात.

आधी ‘३१ सी ४’ बघू. ३१ हे पान. सी आणि ४ ही दोन रेषांच्या मधल्या पट्ट्यांची नावं. म्हणून ती अक्षरं समासात दोन रेषांच्या मधोमध छापतात, आणि अंशांचे आकडे मात्र थेट रेषेच्या टोकाला. मुलांना शाळेत अंशांची सवय झालेली असते, त्यामुळे सी दिसला की त्या लगतच्या रेषेवर बोट ठेवून खाली सरकतात आणि शेजारच्या चौकटीत जाऊन पोचतात. तिला बुद्धिबळ येत असेल तर काम सोपं आहे: पटावर ‘ई ४’ म्हणजे घर, तसंच हे. अक्षरं वर आहेत की बाजूला, हे मात्र प्रत्येक ॲटलासमध्ये बघून घ्या, सगळीकडे सारखं नसतं. आणि एका ॲटलासमधला ‘सी ४’ दुसऱ्यात चालत नाही.

फूटपट्टी लावत असेल तर ती बाजूला ठेवायला सांगा. भारताच्या नकाशात बऱ्याचदा अक्षवृत्तं वाकलेली असतात आणि रेखावृत्तं वर जाताना जवळ येतात, म्हणजे चौकटही तिरकीच असते. बोट रेषेच्या कलाने न्यायचं. चौकटीत पोचल्यावर ठिपका शोधायचा, नावाची अक्षरं नव्हेत. रत्नागिरीसारख्या गावांची नावं जागेअभावी समुद्रात छापतात, ठिपका किनाऱ्यावर असतो.

आता अंश. माझ्या मते तुमच्या लेकीची खरी अडचण इथे आहे. १९° ५८′ म्हणजे ती १९.५८ असं धरत असणार, म्हणजे १९ आणि २० च्या मध्याच्या जरा पुढे. पण एका अंशाची मिनिटं ६०, त्यामुळे ५८ मिनिटं म्हणजे जवळजवळ २०. तसंच ७६° ३०′ म्हणजे बरोबर साडेशहात्तर. दशांश धरून बोट ठेवलं तर ते परतूर आणि मंठ्याच्या मध्ये, जालना जिल्ह्यात पडतं. लोणारपासून जवळजवळ ५० किलोमीटर दूर! तिचं बोट तिथेच पडतंय का, एकदा बघा. पडत असेल तर चूक कुठे आहे ते तिला स्वतःलाच दिसेल, आणि मग ती पुन्हा होणार नाही.

मोजायला कागदाची एक पट्टी घ्या. शालेय ॲटलासमध्ये भारताच्या पानावर रेषा बहुधा ४ अंशांनी असतात: ७२, ७६, ८०. (किती अंशांनी आहेत हे आधी बघायचंच, इथेही मुलं घसरतात.) लोणारच्या जवळपास ७६ ते ८० एवढी लांबी कापा आणि पट्टी तीनदा अर्धी दुमडा. आठ भाग होतात, एक भाग अर्ध्या अंशाचा. ७६ पासून पूर्वेकडे एकच घडी, आणि २० च्या रेषेच्या अगदी किंचित खाली. तिथे लोणार. ही घड्यांची पट्टी वर्गात मी कंपासपेटीपेक्षा जास्त वापरली आहे. फक्त अक्षांशांसाठी वेगळी पट्टी कापा, दोन्ही अंतरं नकाशावर सारखी नसतात.

तुमच्याकडचा ॲटलास जुना असेल तर त्यात छत्रपती संभाजीनगर मिळणार नाही, औरंगाबाद बघावं लागेल. आणि सूचीत औरंगाबाद दोन असू शकतात, एक आपलं आणि एक बिहारमधलं. लोणार सापडलं की पुढचा सराव म्हणून हेच द्या. राज्याचं नाव हाताने झाका आणि फक्त अंश दाखवा: १९° ५३′ उ., ७५° २०′ पू. आणि २४° ४५′ उ., ८४° २२′ पू. पान उलटण्याआधीच, आपलं कोणतं हे तिला सांगू द्या.